नोकरी सोडायची की थांबायचं? राजीनाम्याआधीच्या दोन महिन्यांचं काम

राजीनाम्याचा मेल पाच मिनिटांत लिहून होतो. त्याच्या आधीची कामं मात्र दोन महिन्यांची आहेत आणि ती क्रमाने करावी लागतात: आधी झोप आणि तब्येत, मग ताण नेमका कशाचा आहे याची नोंद, मग मॅनेजरशी बोलणं, मग पैशांचा हिशोब आणि कागदपत्रं, आणि शेवटी निर्णय. बहुतेक जण हा क्रम उलटा करतात. भांडणाच्या रात्री ठरवतात, सकाळी मेल टाकतात आणि हिशोबाला नोटीस पिरियडमध्ये बसतात. आरोग्य विमा कधी संपतो, ग्रॅच्युइटीला (काही वर्षांच्या सेवेनंतर सोडताना कंपनी देते त्या रकमेला) किती दिवस कमी पडले, जॉइनिंग बोनस परत द्यावा लागणार का, हे सगळं तेव्हा कळतं आणि तोवर वेळ गेलेली असते.

ऐरोली-घणसोली-महापेच्या आयटी पार्कांत रात्रीची शिफ्ट करणारे, वाशी-बेलापूरच्या बँकांत टार्गेटखाली असलेले, वागळे इस्टेटच्या ऑफिसांतले, नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या औषध-रसायन कंपन्यांत प्लांट सांभाळणारे, न्हावाशेवा बंदराच्या कामामुळे चोवीस तास फोनवर असणारे, या सगळ्यांची कामं वेगळी असली तरी निर्णयाची पद्धत एकच चालते.

हा क्रम कोणी बाजूला ठेवायचा

काही परिस्थितींत नोंदी आणि हिशोब नंतर. छातीत दुखणं, धडधड, चक्कर, अचानक वाढलेलं ब्लडप्रेशर असेल तर आधी डॉक्टर. जगणं नकोसं वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर आजच कोणाशी तरी बोला. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे, १९९० पासून मानसिक आरोग्यावर काम करणारी आयपीएच ही संस्था आहे. नवी मुंबईत महापालिकेचं वाशीचं रुग्णालय आहे.

अशा अवस्थेत राजीनामा देऊ नका, वैद्यकीय रजा घ्या. पगारी रजेवर असताना पगार आणि कंपनीचा आरोग्य विमा चालू राहतो, नोकरी सुटली की दोन्ही थांबतात, तेही ज्या काळात त्यांची सगळ्यात जास्त गरज असते त्याच काळात. मनोविकाराच्या उपचारांनाही शारीरिक आजारांप्रमाणेच विमा द्यायला हवा, असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. शिवाय नैराश्यात सगळंच अंधारलेलं दिसतं. तीन-चार आठवडे औषध आणि झोप मिळाल्यावर तीच नोकरी वेगळी दिसू शकते, किंवा ती सोडायला हवी हे जास्त स्पष्ट दिसतं. दोन्हीत फायदाच आहे.

दुसरी परिस्थिती: खोट्या नोंदींवर सही करायला सांगितली जाते, ग्राहकाच्या गळ्यात नको ती पॉलिसी मारायला लावली जाते, किंवा लैंगिक छळ होतो. छळाची तक्रार कंपनीच्या अंतर्गत समितीकडे घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते. खोट्या नोंदीची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते, वरिष्ठ त्या वेळी बाजूला होतात. इथे बाहेर पडायची तारीख जवळची धरा आणि तोपर्यंत प्रत्येक तोंडी आदेश मेलवर लेखी मागा.

पहिले दोन आठवडे: नोंद

‘कामाचं प्रेशर आहे’ या वाक्यावरून काहीच ठरवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने गळून जाण्याची, तीन लक्षणं दिली: शक्ती संपल्यासारखी वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून नीट होत नाही असं वाटणं. तिन्ही एकदम असतील तर प्रकरण गंभीर आहे. फक्त पहिलं असेल तर बऱ्याचदा ती झोपेची आणि सुट्टीची थकबाकी असते.

साधी वही घ्या. ऑफिसच्या लॅपटॉपवर हे लिहू नका. रोज झोपण्याआधी एकच ओळ: झोप किती, काम किती तास, प्रवास किती, दिवसातला सगळ्यात जड क्षण कोणता, आणि तो दहापैकी किती जड. उदाहरणार्थ:

मंगळवार. झोप ५. काम ११, प्रवास ३ तास १० मिनिटं. रात्री ९.४० चा क्लायंट कॉल, अजेंडा ९.३० ला आला. ८.
बुधवार, घरून. झोप साडेसहा. काम १०, प्रवास नाही. स्टेटस शीट तिसऱ्यांदा बदलायला लावली. ४.
गुरुवार. झोप साडेपाच. काम १०, प्रवास ३. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ओरडा. ९.

या तीन ओळींत बरंच काही आहे. बुधवार-गुरुवारी कामाचे तास सारखेच, पण आकडा ४ वरून ९ वर गेला. म्हणजे या माणसाचा त्रास तासांत कमी आणि वागणुकीत जास्त आहे. मंगळवारचा कॉल रात्रीचा होता म्हणून जड गेला नाही, दहा मिनिटं आधी अजेंडा आल्यामुळे तयारी न करता बोलावं लागलं म्हणून जड गेला. या दोन गोष्टींवरचे उपाय वेगळे आहेत आणि राजीनामा हा त्यातला सगळ्यात महाग उपाय आहे.

मार्च एंड, क्वार्टर एंड, रिलीजचा आठवडा किंवा प्लांटचं ऑडिट यांत नोंद सुरू झाली तर ती चार आठवड्यांपर्यंत वाढवा. वर्षातले सहा वाईट आठवडे आणि वर्षभर वाईट असलेली नोकरी यांतला फरक दोन आठवड्यांत दिसत नाही.

मग वही घेऊन बसा आणि सहापेक्षा मोठा आकडा असलेल्या ओळींपुढे कारण लिहा: काम जास्त, अधिकार नाही, एक विशिष्ट माणूस, अन्याय झाल्याची भावना, काम मनाला पटत नाही, किंवा प्रवास आणि शिफ्ट. दोनपेक्षा जास्त कारणं सहसा निघत नाहीत.

प्रवास वेगळा लिहायला सांगण्याला कारण आहे. कासारवडवलीहून लोअर परळला जाणाऱ्या माणसाचे रोजचे चार तास रस्त्यात आणि लोकलमध्ये जात असतील, तर बावीस कामाच्या दिवसांत ते ८८ तास होतात. गायमुख घाटात एखादा ट्रक बंद पडला की त्या दिवशी याहून जास्त. त्या चिडचिडीचं खापर मग नोकरीवर फुटतं. हेच काम ऐरोलीत किंवा वागळे इस्टेटमध्ये असतं तर सोसलं असतं का, हे स्वतःला विचारा. घरून काम केलेल्या दिवशी आकडा निम्म्यावर येत असेल तर उत्तर वहीतच आहे. त्याच कंपनीच्या जवळच्या ऑफिसात बदली किंवा आठवड्यात दोन-तीन दिवस घरून काम एवढंही पुरेल.

कामाचे तासच जास्त असतील तर तेही हलक्यात घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अहवालानुसार आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. वहीत सलग दोन आठवडे ५५ चा आकडा ओलांडलेला दिसला तर पुढची पायरी लगेच घ्या.

नोकरी बदलून नेमकं काय बदलेल

कारण सापडलं की त्याला एकच प्रश्न विचारायचा: हे माझ्याबरोबर नव्या कंपनीत येईल का?

टीममधले दोघे सोडून गेले आणि त्यांचं काम तुमच्यावर पडलं असेल तर भरती झाल्यावर ते कमी होईल. एका मॅनेजरचा त्रास असेल तर त्याच कंपनीत टीम बदलता येते, फक्त एका जागेवर बारा किंवा अठरा महिने झाल्याशिवाय अंतर्गत बदली देत नाहीत, असा नियम अनेक ठिकाणी असतो. तो आधी बघा. पण खाजगी बँकेत विक्रीचं टार्गेट नको झालं असेल तर समोरच्या बँकेतही टार्गेट आहेच, तिथे काही महिन्यांत पुन्हा इथेच याल. अशा वेळी कंपनी नव्हे, कामाचा प्रकार बदलावा लागतो. विक्रीतून क्रेडिट किंवा ऑपरेशन्स, प्रॉडक्शनमधून क्वालिटी किंवा वेंडर डेव्हलपमेंट, अमेरिकन शिफ्टच्या सपोर्टमधून दिवसा चालणारा प्रोजेक्ट. यात पगार कमी होऊ शकतो, म्हणून पुढचा हिशोब लागतो.

आणि ‘नाही’ म्हणता न येणं, सगळं स्वतःच तपासत बसणं, रजेवरही मेल उघडणं ही सवय असेल तर ती प्रत्येक नोकरीत तुमच्यासोबत येते. त्यावर समुपदेशकाच्या काही बैठका राजीनाम्यापेक्षा जास्त कामाच्या असतात.

मॅनेजरशी बोलणं

सर्वाधिक टाळली जाणारी पायरी हीच. सांगून काही होणार नाही असं गृहीत धरून लोक सरळ निघून जातात आणि एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये पहिल्यांदा बोलतात. मॅनेजरला बऱ्याचदा खरंच माहीत नसतं, कारण तुम्ही काम वेळेवर देत आलेले असता.

एका बैठकीत एकच मागणी, तीही आकडा आणि तारखेसह. ‘मॅडम, लोड खूप होतोय’ याला ‘बघू या’ असंच उत्तर मिळतं. त्याऐवजी असं बोला: ‘मॅडम, माझ्याकडे सध्या चार क्लायंट आहेत आणि गेल्या दोन आठवड्यांत रात्री नऊनंतर सात कॉल झाले. एक क्लायंट दुसऱ्याकडे द्या किंवा रात्रीचे कॉल आठवड्यात दोनवर आणा. यातलं काय जमेल? पंधरा तारखेपर्यंत ठरवू शकू का?’ आकडे वहीतून आलेले असतात, त्यामुळे कोणी तुम्हाला ‘ओव्हररिअ‍ॅक्ट’ करतोयस म्हणू शकत नाही.

बोलणं झालं की त्याच दिवशी दोन-तीन ओळींचा मेल टाका: आज हे बोललो, हे ठरलं, ही तारीख. नंतर एचआरकडे किंवा वरच्या साहेबांकडे जावं लागलं तर हाच कागद उपयोगी पडतो.

इथे दोन गोष्टी बिघडतात. नोकरी सोडायची धमकी देऊन मागणी केली की पुढची चर्चा फक्त तुमच्या निष्ठेवर होते आणि मूळ विषय बाजूला राहतो, त्यामुळे सोडण्याचा शब्दही काढू नका. आणि पाच तक्रारी एकदम मांडल्या की समोरचा त्यातली सगळ्यात सोपी उचलतो, उदाहरणार्थ खुर्ची बदलून देतो. मागणी मान्य झाली तर चार आठवडे द्या आणि वही चालू ठेवा. मान्य झाली नाही, किंवा मान्य होऊनही आकडे तसेच राहिले, तर ती मोलाची माहिती आहे.

पैशांचा हिशोब

‘सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा’ हे सगळ्यांना पाठ असतं, पण बहुतेक जण खर्च चुकीचा धरतात, कारण वर्षातून एकदा येणारे खर्च ते मोजतच नाहीत. गेल्या बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा आणि सगळ्या वार्षिक रकमांना बारांनी भागा.

खारघरमध्ये राहणाऱ्या, दोघंही नोकरी करणाऱ्या आणि एक मूल असलेल्या घराचं उदाहरण घेऊ. ५० लाखांचं गृहकर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं, हप्ता ४३,४०० रुपये. सोसायटीचा मेंटेनन्स ४,५००. किराणा, दूध, भाजी, गॅस १६,०००. शाळेची फी आणि बस वर्षाला १,२०,०००, म्हणजे महिन्याला १०,०००. वीज, मोबाईल, इंटरनेट ४,०००. पोळ्यांच्या आणि घरकामाच्या मावशी ६,०००. गावी आईवडिलांची औषधं ५,०००. टर्म आणि गाडीचा विमा, मालमत्ता कर, गणपती-दिवाळी, गावी जाणं-येणं वर्षाला ७२,०००, म्हणजे ६,०००. कंपनीचा विमा गेल्यावर घ्यावा लागणारा आरोग्य विमा वर्षाला ३६,०००, म्हणजे ३,०००. एकूण ९७,९००.

यात एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) धरलेली नाही, कारण ती काही महिने थांबवता येते. हॉटेल आणि फिरणंही नाही.

जोडीदाराचा हातात येणारा पगार ४५,००० असेल तर दरमहा ५२,९०० ची तूट पडते. बचत खातं, एफडी आणि लिक्विड फंड मिळून साडेचार लाख आहेत असं धरू. त्यातले एक लाख दवाखान्यासाठी न मोजता बाजूला ठेवा. उरलेल्या साडेतीन लाखांना ५२,९०० ने भागलं की साडेसहा महिने येतात. जोडीदाराचा पगार नसेल तर तेच साडेतीन लाख साडेतीन महिन्यांत संपतात.

आता यातून एक महिना वजा करा. अनेक कंपन्या नोटीस पिरियडमधला शेवटचा पगार अडवून ठेवतात आणि फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे नोकरी सुटल्यावरच्या शेवटच्या हिशोबात, देतात. शिवाय नवी नोकरी लागली तरी पहिला पगार महिना भरल्यावर येतो. म्हणजे हातात खरे साडेपाच महिने आहेत. ऑफर हातात नसताना सोडायचं असेल तर हा आकडा किमान सहा हवा, पन्नाशीच्या जवळ असाल किंवा तुमचं काम मोजक्याच कंपन्यांत असेल तर नऊ ते बारा.

या हिशोबात पीएफ धरू नका, क्रेडिट कार्डाची मर्यादा तर मुळीच नाही. एफडी मोडली तर व्याजात साधारण अर्धा ते एक टक्का दंड बसतो, तो चालतो. बोनस हातात आला की अनेकांना तो गृहकर्जात भरायचा मोह होतो. नोकरी सोडायचा विचार चालू असताना ते करू नका, रोख हातात ठेवा. नवं घर घ्यायचं असेल, कर्ज दुसऱ्या बँकेत न्यायचं असेल तर ते राजीनाम्याआधी करा, कारण बँक पगाराच्या ताज्या स्लिपा मागते. आणि हप्ता चुकणार असं दिसलं तर चुकायच्या आधी बँकेत जा. आधी गेलात तर मुदत वाढवून घेण्याबद्दल बोलता येतं. हप्ता बाउन्स झाल्यावर सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या इतिहासात, नोंद होते आणि बोलण्याची जागा कमी होते.

नेमणूकपत्र आणि तारखा

जॉइन होताना सही केलेलं नेमणूकपत्र शोधा आणि शांतपणे पूर्ण वाचा. नोटीस पिरियड किती, तो पैसे भरून कमी करता येतो का, आणि भरायचे असतील तर बेसिकवर की पूर्ण पगारावर? या एका शब्दाने रक्कम दुप्पट होऊ शकते. जॉइनिंग किंवा रिटेन्शन बोनस किती महिन्यांच्या आत सोडल्यास परत द्यायचा? व्हेरिएबल पे (कामगिरीवर ठरणारा पगाराचा भाग) मिळायला ठरावीक तारखेला ‘नोकरीत असणं’ पुरेसं आहे की ‘नोटीसवर नसणं’ही लागतं? बोनस एप्रिलमध्ये येणार आणि तुम्ही मार्चमध्ये राजीनामा दिला, तर दुसऱ्या प्रकारच्या कलमात संपूर्ण रक्कम जाते.

प्रशिक्षणाचा बाँड, म्हणजे ठरावीक मुदतीआधी सोडल्यास पैसे भरण्याचा करार, नुसता कागद असतो असं समजू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात मुदतीआधी सोडल्यास दोन लाख रुपये देण्याची अट वैध ठरवली. उलट, नोकरी सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जायचंच नाही अशी अट करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही. गोपनीयतेची अट मात्र टिकते, त्यामुळे क्लायंटची यादी किंवा कोड सोबत नेऊ नका.

ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची सलग सेवा लागते. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रम संहितेनुसार ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना एक वर्षानंतरही ती मिळते. सूत्र: शेवटचं बेसिक आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले पूर्ण वर्षं. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांपेक्षा जास्त झाले असतील तर ते पूर्ण वर्ष धरतात. बेसिक ५०,००० आणि पाच वर्षं म्हणजे १,४४,२३१ रुपये. चार वर्षं दहा महिने झाले असतील तर दोन महिन्यांची किंमत ही आहे. नोटीस पिरियडही सेवेत धरला जातो, त्यामुळे राजीनाम्याची तारीख नीट निवडली तर थांबावंही लागत नाही. उरलेल्या रजेचे पैसे धोरणानुसार मिळतात. खाजगी नोकरीत सोडताना मिळणाऱ्या या रकमेवर आयुष्यभरात मिळून २५ लाखांपर्यंत करसवलत आहे.

पीएफ काढू नका, नव्या कंपनीत यूएएनवरून (तुमच्या पीएफच्या कायम क्रमांकावरून) हस्तांतरित करा. पाच वर्षांच्या सलग सेवेआधी काढलेल्या रकमेवर कर लागतो, आणि पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षंही तुटतात. हस्तांतर केलं तर जुनी-नवी सेवा एकत्र मोजली जाते.

गरोदरपणाचा विचार असेल तर एक तारीख फार महत्त्वाची आहे. प्रसूती रजेच्या पगारासाठी त्या कंपनीत प्रसूतीआधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. चालू नोकरीत २६ आठवड्यांची रजा मिळत असताना आधीच सोडणं महागात पडतं.

आरोग्य विमा हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. कंपनीचं कव्हर साधारणपणे शेवटच्या दिवशी संपतं, आईवडिलांचंही. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधी घालवलेला प्रतीक्षा काळ मोजला जातो, पण अर्ज शेवटच्या दिवसाच्या दीड महिना आधी करा. नवीच पॉलिसी घेतली तर पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही आणि जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. साठी ओलांडलेल्या मधुमेही वडिलांसाठी हा फरक लाखांचा असतो. ईपीएफशी जोडलेलं सात लाखांपर्यंतचं जीवन विमा कव्हरही नोकरीबरोबर जातं, म्हणून स्वतःचा टर्म प्लॅन सोडण्याआधी घ्या. पगाराची स्लिप नसताना तो मिळणं अवघड होतं.

घरी सांगणं आणि बाजार चाचपणं

घरी ‘मला नाही जमत आता’ एवढंच सांगितलं की आईबाबा घाबरतात आणि सासरच्यांकडून चौकश्या सुरू होतात. आधी जोडीदाराशी, वरचा कागद समोर ठेवून बोला: किती महिने पुरतात, कोणता खर्च थांबवायचा, कोणत्या तारखेला पुन्हा बसून बघायचं. एकट्यानेच घर चालवत असाल तर भाऊ-बहिणीपैकी एकाला तरी विश्वासात घ्या. बाकीच्यांना निर्णय झाल्यावर सांगितलं तरी चालतं.

दरम्यान राजीनामा न देता पंधरा-वीस अर्ज करा. नोकरीच्या पोर्टलवर चालू कंपनीला आपला प्रोफाईल दिसू नये अशी सोय असते, ती आधी लावा. महिनाभरात दोन-तीन मुलाखती आल्या तर बाजारात मागणी आहे. एकही फोन आला नाही तर आधी रेझ्युमे किंवा कौशल्य यावर काम करावं लागेल, आणि हे पगार चालू असताना कळणं बरं. ९० दिवसांचा नोटीस पिरियड ऐकून अनेक भरतीवाले फोन ठेवतात. म्हणून नोटीस कमीत कमी किती आणि किती रुपयांत होते, हे नेमणूकपत्रातून काढून तयार ठेवा. तोंडी ऑफरवर राजीनामा देऊ नका. लेखी पत्र हवं, त्यात पगाराची पूर्ण फोड आणि जॉइनिंगची तारीख हवी. आणि मुलाखतीत तुमच्या वहीतल्या पहिल्या कारणाबद्दल थेट विचारा: रात्रीचे कॉल आठवड्यात किती, या जागेवर आधी कोण होतं आणि ते का गेलं.

निर्णयाचा दिवस

तारीख आधी ठरवा, साधारण आठव्या आठवड्यातला शनिवार, सकाळची वेळ. रविवारी रात्री, अप्रेझलच्या दिवशी किंवा भांडणानंतरच्या अठ्ठेचाळीस तासांत निर्णय नको. समोर चार गोष्टी असाव्यात: वही, मॅनेजरला टाकलेला मेल आणि त्याचं काय झालं ते, महिन्यांचा आकडा, आणि बाजारातून आलेला प्रतिसाद.

मुख्य कारण नव्या जागी येणार नसेल, मागणी करूनही काही हललं नसेल, आणि महिने सहा किंवा ऑफर हातात असेल तर सोडा. पुन्हा पुन्हा तपासत बसू नका. कारण खरं आहे पण पैसे कमी आहेत, तर थांबा, मात्र तारीख घालून: पुढच्या सहा महिन्यांत दीड लाख साठवायचे, अमुक प्रमाणपत्र पूर्ण करायचं, अमुक महिन्यात राजीनामा. मुदत माहीत असलेला त्रास सोसायला खूप सोपा जातो, हे आम्ही ठामपणे सांगू. आणि कारणच हललं असेल, आकडे चार-पाचवर आले असतील, तर राहा. सहा महिन्यांनी पुन्हा दोन आठवडे नोंद करा.

राजीनामा दिल्यावर

मेलमध्ये तीनच गोष्टी: राजीनामा देत आहे, नोटीसप्रमाणे शेवटचा दिवस अमुक तारीख, कामाचं हस्तांतर पूर्ण करीन. तक्रारी नकोत. पोच लेखी घ्या. जास्त पगाराची काउंटर ऑफर आली तर वही उघडा. पगार हे कारण पानावर कुठेच नसेल तर पगारवाढीने तो त्रास जाणार नाही.

शेवटच्या आठवड्यात वर्षभराच्या स्लिपा, सगळे फॉर्म १६ आणि विम्याची कागदपत्रं खाजगी मेलवर घ्या, कारण पोर्टलचा पासवर्ड त्याच संध्याकाळी बंद होतो. यूएएनला स्वतःचा मोबाईल आणि बँक खातं जोडलेलं आहे का ते बघा. लॅपटॉप परत केल्याची पावती घ्या. सॅलरी अकाउंट काही महिन्यांनी साध्या खात्यात बदलतं आणि किमान शिल्लक लागते, म्हणून गृहकर्जाचा हप्ता कोणत्या खात्यातून कापला जातो ते आधीच ठरवा. वेतन संहितेनुसार थकीत वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे, पण कित्येक कंपन्या फुल अँड फायनलला महिना-दीड महिना लावतात. ठरलेली तारीख एचआरकडून मेलवर मागा.

त्याच आर्थिक वर्षात नवी नोकरी लागली तर जुन्या कंपनीचा पगार आणि कापलेला टीडीएस नव्या कंपनीला लेखी कळवा. न कळवल्यास दोन्हीकडे प्रमाणित वजावट आणि खालचे स्लॅब धरले जातात, आणि जुलैमध्ये रिटर्न भरताना पन्नास-साठ हजारांचा कर एकदम समोर येऊ शकतो.

शेवटच्या पीएफ वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) पोर्टलवर जाऊन तुमची ‘नोकरी सोडल्याची तारीख’ भरली आहे का ते तपासा. कंपनीने भरली नसेल तर आधारच्या ओटीपीवर ती तुम्ही स्वतः भरू शकता. ती रिकामी राहिली तर हस्तांतर अडतं.